होल्बाइन की रेम्ब्राँ?

टीव्हीवरच्या प्रश्नमंजूषेत चित्रकलेचा प्रश्न आला की बघणाऱ्यांच्या तोंडून हमखास निघतं, "आता हे कुणाला माहीत असणार?" क्रिकेट, सिनेमा, भूगोल यांत माणूस निदान अंदाज तरी बांधतो. अमुक चित्र कुणी काढलं हे मात्र पाठ असेल तर येतं, नाहीतर नाही, अशी आपली समजूत असते. शाळेतला चित्रकलेचा तास स्मरणचित्र, वस्तुचित्र, संकल्पचित्र यांतच संपतो. चित्रांचा इतिहास कुणी शिकवत नाही, त्यामुळे ही समजूत आणखी घट्ट होते.

पण चित्रांचा इतिहास जाणणारी माणसं पाठांतराच्या बळावर चालत नाहीत. ती पुरावा शोधतात, आणि पुरावा बहुतेक वेळा चित्रातच असतो. एका गाजलेल्या प्रश्नाचा माग काढत गेलो तर हे नीट कळेल.

१. सव्वा लाख पौंडांचा प्रश्न

'हू वॉन्ट्स टू बी अ मिलियनेअर?' हा कार्यक्रम ब्रिटनमध्ये आयटीव्ही वाहिनीवर ४ सप्टेंबर १९९८ रोजी सुरू झाला. आपल्याकडे ३ जुलै २००० पासून दिसू लागलेला 'कौन बनेगा करोडपती' त्याचाच भारतीय अवतार, आणि नंतर मराठीत आलेला 'कोण होईल मराठी करोडपती' हाही त्याच घराण्यातला. त्यामुळे खेळाची मांडणी आपल्या ओळखीची आहे: पंधरा प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय, तीन लाइफलाइन, आणि वाटेत दोन असे टप्पे की तिथवरची रक्कम पुढे चुकलं तरी हातची जात नाही. ब्रिटिश खेळात हे टप्पे १,००० आणि ३२,००० पौंडांचे होते.

सप्टेंबर २००१ मध्ये या खेळाच्या खुर्चीवर ब्रिटिश लष्करातले मेजर चार्ल्स इन्ग्रॅम बसले होते. समोर सूत्रसंचालक ख्रिस टॅरंट. खेळ दोन दिवस चालला. अकरा प्रश्न पार झाले, ६४,००० पौंड जमले, तिन्ही लाइफलाइन संपल्या. बारावा प्रश्न १,२५,००० पौंडांचा होता. लंडनच्या नॅशनल गॅलरीतलं 'द अँबॅसडर्स' हे चित्र कोणत्या चित्रकाराचं? पर्याय चार: व्हॅन आयक, होल्बाइन, मायकेलँजेलो, रेम्ब्राँ.

इन्ग्रॅम होल्बाइन आणि रेम्ब्राँ या दोन नावांत घोटाळले. चित्र आपण पाहिलेलं आहे असं म्हणाले, आणि अखेर होल्बाइनवर थांबले. उत्तर बरोबर निघालं. मग अँथनी ईडन नावाची टोपी, बॅरन ओसमानने नव्याने आखलेलं पॅरिस, आणि एकावर शंभर शून्यं असलेला 'गूगॉल' हा आकडा, असे उरलेले तीन प्रश्नही सुटले. दहा लाख पौंडांचा धनादेश लिहिला गेला, पण ते पैसे त्यांना कधीच मिळाले नाहीत. त्याचं कारण पुढे येईल.

२. 'नॅशनल गॅलरी'चा उपयोग शून्य

प्रश्नात चित्र दाखवलेलं नव्हतं. स्पर्धकाला मिळालं फक्त चित्राचं नाव आणि ते टांगलेल्या संग्रहालयाचं नाव. संग्रहालय कळल्यावर एखादा तरी पर्याय गळेल असं वाटतं, पण इथे एकही गळत नाही. चारही चित्रकारांची कामं नॅशनल गॅलरीत आहेत. मायकेलँजेलोची दोन अपुरी चित्रं तिथे आहेत. रेम्ब्राँची तर अनेक आहेत, त्यांत त्याने चौतिसाव्या आणि त्रेसष्टाव्या वर्षी काढलेली स्वतःची व्यक्तिचित्रंही आहेत.

खरा चकवा आहे तो व्हॅन आयकच्या नावात. त्याचं १४३४ सालचं 'आर्नोल्फिनी दांपत्य' हे चित्र याच संग्रहालयात आहे. त्यातही दोन माणसं डोक्यापासून पायापर्यंत उभी, भोवती बारकाईने रंगवलेल्या वस्तू, आणि चित्रकाराने सालासकट ठसठशीत लिहिलेलं स्वतःचं नाव. 'दोन माणसं उभी असलेलं ते जुनं चित्र' एवढंच ज्याच्या डोक्यात राहिलंय, त्याची गल्लत इथे सहज होऊ शकते. चांगला प्रश्न असाच असतो. चुकीचे पर्यायसुद्धा त्यात बरोबर पर्यायाच्या जवळपासचे असावे लागतात.

३. खेळावं की उठावं?

आता थोडा पैशांचा हिशेब. हातात ६४,००० आहेत. उठून गेलं तर ते आपले. खेळून जिंकलं तर १,२५,०००, हरलं तर ३२,०००. अगदी काहीच माहीत नसेल तर खेळावं का?

समजा, असे चार जण आहेत आणि प्रत्येकाने वेगळा पर्याय ठोकून दिला. त्यांतला एक जण १,२५,००० घेऊन जाईल, उरलेले तिघे ३२,००० घेऊन. एकूण झाले २,२१,०००, म्हणजे सरासरी माणशी ५५,२५०. गप्प उठून गेले असते तर प्रत्येकाला ६४,००० मिळाले असते. म्हणजे निव्वळ नशिबावर खेळणं तोट्याचं.

आता एक पर्याय खात्रीने बाद करता आला असं धरू. उरले तीन, म्हणून तीन जण घेऊ. एकाला १,२५,०००, दोघांना ३२,००० प्रमाणे ६४,०००. बेरीज १,८९,०००, सरासरी बरोबर ६३,०००. तोटा जवळजवळ मिटला. दोन पर्याय बाद झाले तर दोघांत मिळून १,५७,०००, सरासरी ७८,५००. इथे खेळणं फायद्याचं ठरतं, आणि पुढच्या मोठ्या रकमांची संधी तर या हिशेबात धरलेलीच नाही.

अर्थात खुर्चीवरचा माणूस एकटा असतो, त्याला सरासरी मिळत नाही. ६४,००० पौंडांत ज्याचं घर सावरणार आहे त्याने उठून जावं, आणि त्याला कुणी भित्रा म्हणू नये. पण या हिशेबातून एक गोष्ट दिसते: पूर्ण उत्तर माहीत नसलं तरी अर्धवट ज्ञानाला मोल असतं. एखादं नाव का नाही, एवढं सांगता आलं तरी पारडं हलतं. चित्रांच्या इतिहासात तर 'का नाही' हेच बहुतेक वेळा आधी कळतं.

४. व्हॅन आयक का नाही?

चित्र डोळ्यांपुढे आणू. ओकच्या फळ्यांवर तैलरंगात काढलेलं, सुमारे २०७ सेंटिमीटर उंच आणि जवळपास तेवढंच रुंद. मागे हिरवा पडदा. डावीकडे गुलाबी रेशीम आणि फरचा भरदार पोशाख केलेला तरुण, उजवीकडे लांब, गडद झगा घातलेला दुसरा. दोघांच्या मधे दोन फळ्यांची लाकडी मांडणी. वरच्या फळीवर तुर्की गालिचा आणि त्यावर आकाशातल्या नक्षत्रांचा गोल, सूर्याच्या सावलीवरून वेळ काढायची साधनं, कोन मोजायची उपकरणं. खालच्या फळीवर पृथ्वीचा गोल, गणिताचं उघडं पुस्तक, कंपास, ल्यूट नावाचं तंतुवाद्य, बासऱ्यांचा संच आणि प्रार्थनागीतांचं पुस्तक.

एखाद्या लग्नाच्या जुन्या फोटोवर तारीख नसते, पण मागच्या कोनाड्यात ट्रान्झिस्टर दिसला तर तो फोटो १९४० चा नाही हे घरातलं कुणीही सांगेल. चित्रातल्या वस्तूंवरून काळ ठरवतात तो याच रीतीने.

व्हॅन आयक १४४१ मध्ये वारला. चित्रातल्या पृथ्वीगोलावर ब्राझीलची खूण आहे. पोर्तुगीज जहाजं तिथे १५०० साली पोचली. युरोपात आज टिकून असलेला सर्वांत जुना पृथ्वीगोलसुद्धा १४९२ चा, न्यूरेंबर्गच्या मार्टिन बेहाइमचा. म्हणजे व्हॅन आयकला हा गोल रंगवता येणं शक्यच नव्हतं.

आणखी पुरावा हवा असेल तर पुस्तकं बघा. ती छापील आहेत. गुटेनबर्गचा छापखाना चालू झाला १४५० च्या सुमारास, व्हॅन आयकच्या मृत्यूनंतर. त्यातलं गणिताचं पुस्तक तर अभ्यासकांनी नेमकं ओळखलंय. पेटर आपियान या जर्मन गणितज्ञाने व्यापाऱ्यांसाठी लिहिलेलं ते हिशेबाचं पुस्तक १५२७ मध्ये छापलं गेलं, आणि चित्रात ते भागाकाराच्या पानावर उघडलेलं आहे. त्यामुळे हे चित्र १५२७ च्या आधीचं असूच शकत नाही. एक पर्याय गेला, आणि कोणतं चित्र कुणाचं याची यादी पाठ करावी लागली नाही.

५. रेम्ब्राँ का नाही?

इथे वाट जरा अवघड होते, आणि मला हाच भाग सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. वस्तू सांगतात ते 'याच्या आधीचं नाही' एवढंच. 'याच्या नंतरचं नाही' हे त्यांना सांगता येत नाही, कारण जुन्या वस्तू नंतरही रंगवता येतात. रेम्ब्राँचा जन्म १६०६ चा. त्याला जुने पोशाख रंगवायची आवड होती. नॅशनल गॅलरीतल्या चौतिसाव्या वर्षीच्या व्यक्तिचित्रात तो स्वतःच शंभर वर्षं आधीच्या थाटाचे कपडे घालून बसलाय. निव्वळ कपडे आणि वस्तू बघून निकाल द्यायचा ठरवला, तर रेम्ब्राँला बाद करता येणार नाही.

मग बघायचं ते रंग लावण्याच्या तऱ्हेकडे. रेम्ब्राँच्या उतारवयातल्या चित्रांत रंगाचा जाड थर हाताला लागेल इतका उठून दिसतो, कुंचल्याचे फटकारे लपवलेले नसतात, आणि उजेड एका बाजूने येऊन चेहऱ्याचा काही भाग उजळतो, बाकीचा अंधारात ठेवतो. 'द अँबॅसडर्स'मध्ये असं काहीच नाही. उजेड सगळीकडे सारखा पसरलाय. फरचा केस न् केस, गालिच्याची वीण, ल्यूटच्या तारा, सगळं स्वच्छ दिसतं आणि पृष्ठभाग गुळगुळीत आहे. ल्यूटची एक तार तुटलेली आहे, आणि तेही लक्षात येतं.

असं काम करणारा माणूस आधी काटेकोर रेखाटन करतो. होल्बाइनची इंग्लंडमधली व्यक्तिरेखाटनं ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहात विंडसरला जपलेली आहेत, सुमारे ८०. समोरच्या माणसाचं रेखाटन आधी, मग त्यावरून रंगीत चित्र, अशी त्याची पद्धत होती. रेम्ब्राँचा रंगांशी व्यवहारच वेगळा होता.

जाणकाराचा डोळाही फसू शकतो, म्हणून आणखी एक साधन असतं. ओकच्या फळीतली वर्षवलयं मोजून ते झाड साधारण कधीपर्यंत वाढत होतं ते काढता येतं. शैली, वस्तू आणि लाकूड यांची साक्ष जुळली की काळ पक्का होतो.

६. मायकेलँजेलो का नाही?

काळ तर जुळतो. मायकेलँजेलो १४७५ ते १५६४ जगला. इथे ठिकाण आडवं येतं. इटलीतले चित्रकार सहसा पॉप्लरच्या फळ्या वापरत, ओक हे उत्तर युरोपातलं लाकूड. हे चित्र काढलं गेलं त्या १५३३ सालात मायकेलँजेलो फ्लॉरेन्समध्ये मेदिची घराण्याच्या दफनगृहाच्या कामात गुंतला होता, आणि समोर बसलेल्या माणसाचं हुबेहूब चित्र काढायला तो नाखूश असे. शिवाय अशा वस्तूंचा पसारा त्याच्या चित्रांत कुठेच दिसत नाही. त्याला रस होता तो मानवी देहात.

उरला होल्बाइन. हान्स होल्बाइन ऑग्सबर्गचा. बाझेलमध्ये त्याने नाव कमावलं, एकदा इंग्लंडला जाऊन परतला, आणि १५३२ मध्ये पुन्हा लंडनला आला तो १५४३ मध्ये मरेपर्यंत तिथेच राहिला. पुढे तो इंग्लंडचा राजा आठव्या हेन्रीचा चित्रकार झाला. या चित्राच्या डाव्या कोपऱ्यात, सावलीत, जमिनीवर त्याने स्वतःचं नाव आणि १५३३ हे साल लिहून ठेवलंय. चित्रातली फरशीची नक्षीही लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीमधल्या फरशीशी जुळते.

तेव्हा चित्र ज्याने खरोखर पाहिलं असेल त्याला होल्बाइन आणि रेम्ब्राँ यांच्यातली निवड अवघड जायला नको. कारण त्या चित्रात आणखी एक गोष्ट आहे, जी एकदा पाहिली की विसरता येत नाही. दोघांच्या पायांपुढे एक लांबुळका, तिरका, राखाडी आकार जमिनीवर तरंगतोय. समोरून बघितलं तर तो काय आहे ते कळत नाही. चित्राच्या उजव्या कडेला जाऊन, भिंतीजवळ उभं राहून तिरकं बघितलं की ती माणसाची कवटी होते. होल्बाइनने ती मुद्दाम ताणून काढली आहे. तिरप्या नजरेला लांबी आखडलेली दिसते, म्हणून त्या कोनातून तिचं प्रमाण बरोबर बसतं आणि बाकीचं चित्र वेडंवाकडं होतं. वर डाव्या कोपऱ्यात हिरव्या पडद्याआडून क्रुसावरचा ख्रिस्त अर्धाच दिसतो. वैभव, विद्या, संगीत, आणि समोर मृत्यू. हे सगळं एका जागी उभं राहून दिसत नाही, बघणाऱ्याला पाय हलवावे लागतात. चित्र बघणं म्हणजे नुसतं समोर उभं राहणं, असं मानणाऱ्या प्रत्येकाला मी या चित्रापुढे घेऊन जाईन.

७. एका खोकल्याची किंमत

आता त्या धनादेशाकडे. कार्यक्रम बनवणाऱ्या सेलॅडोर कंपनीला संशय आला आणि पैसे अडवले गेले. पुढच्या फेरीसाठी थांबलेल्या स्पर्धकांत टेक्वेन व्हिटॉक हे महाविद्यालयीन शिक्षक बसलेले होते. इन्ग्रॅम पर्याय मोठ्याने उच्चारत, आणि बरोबर पर्यायाच्या वेळी व्हिटॉक खोकत, असं सरकारी पक्षाचं म्हणणं होतं. ध्वनिमुद्रणातले १९ खोकले त्यासाठी पुढे करण्यात आले. लंडनच्या सदर्क क्राउन न्यायालयात खटला चालला. ७ एप्रिल २००३ रोजी इन्ग्रॅम, त्यांच्या पत्नी डायना आणि व्हिटॉक तिघेही दोषी ठरले. शिक्षा निलंबित कारावासाची आणि दंडाची झाली. तिघांनीही आरोप नाकारले होते. या प्रकरणावर जेम्स ग्रॅहम यांनी 'क्विझ' नावाचं नाटक लिहिलं आणि २०२० मध्ये त्यावर मालिकाही आली.

आपल्या हिशेबात हा खोकला कुठे बसतो? दोन नावांत अडकलेल्या माणसाच्या खेळाची सरासरी किंमत ७८,५०० होती. कुणी 'हो' एवढंच सुचवलं की ती १,२५,००० होते. म्हणजे एका 'हो'ची किंमत ४६,५०० पौंड. माहितीशास्त्रात अशा एका हो-किंवा-नाही उत्तराला 'बिट' म्हणतात, आणि माहिती मोजण्याचं ते मूळ माप आहे. दोन पर्यायांतून एक निवडायला एक बिट लागतो, चारांतून निवडायला दोन. चित्रातला पृथ्वीगोल, छापील पुस्तक, ओकची फळी हेदेखील प्रत्येकी एकेका प्रश्नाचं हो किंवा नाही देतात. फरक इतकाच की ते उत्तर चित्राकडूनच येतं, आणि ते घेण्यात कसलीही लबाडी नसते.

८. ते दोघे कोण?

चित्रकार कोण, या प्रश्नाचं उत्तर कोपऱ्यात लिहिलेलंच होतं. अभ्यासकांना खरं छळलं ते दुसऱ्याच प्रश्नाने: ही दोन माणसं कोण? नॅशनल गॅलरीने चित्र १८९० मध्ये घेतलं तेव्हा ते ठरलेलं नव्हतं. बरेच तर्क लढवले गेले. अखेर मेरी हार्वी या अभ्यासक बाईंनी सतराव्या शतकातल्या एका हस्तलिखिताचा आधार घेऊन नावं पुढे आणली आणि १९०० मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. डावीकडचा झाँ द दँतव्हील, हेन्रीच्या दरबारातला फ्रान्सचा राजदूत. उजवीकडचा त्याचा मित्र झॉर्ज द सेल्व्ह, लाव्होरचा बिशप, जो १५३३ च्या वसंतात त्याला भेटायला लंडनला आला होता. हेन्रीने त्याच वर्षी ॲन बोलिनशी लग्न केलं होतं आणि रोमच्या पोपशी त्याचं बिनसत चाललं होतं, त्यामुळे दँतव्हीलसाठी तो काळ धकाधकीचा होता.

नाव सापडलं तरी ते चित्राशी ताडून बघावं लागतं. पृथ्वीगोलावर मोठमोठ्या शहरांच्या बरोबरीने पॉलिझी हे फ्रान्समधलं छोटंसं गाव लिहिलेलं आहे. दँतव्हील घराण्याची गढी तिथलीच, आणि हे चित्रही आधी तिथेच टांगलेलं होतं. डावीकडच्या तरुणाच्या हातातल्या खंजिराच्या म्यानावर त्याचं वय कोरलंय, २९. उजवीकडच्याच्या कोपराखालच्या पुस्तकावर त्याचं, २५. दँतव्हील जन्मला १५०४ मध्ये, द सेल्व्ह १५०८ मध्ये. १५३३ मधून वजा करून बघा.